हलका बेस ॲम्प घेऊन कार्यक्रमाला निघताय? या चुका टाळा

अडीच-तीन किलोचा ॲम्प आणि त्याच्या कपाळावर ५०० किंवा ८०० वॅट. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बेस गिटार वाजवणाऱ्यांकडे असे ॲम्प आता सर्रास दिसतात, आणि ते फार चांगलं झालं. १९६९ साली आलेला अँपेगचा एसव्हीटी ३०० वॅटचा होता. त्याचं नुसतं हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा ॲम्प, चाळीस किलोच्या घरात भरायचं आणि कॅब, म्हणजे स्पीकरची पेटी, त्याहून जड. आज त्याहून जास्त ताकद पाठीवरच्या पिशवीत मावते. गिटार खांद्याला, ॲम्प पाठीला आणि माणूस बसमध्ये. जड ट्रान्सफॉर्मरच्या जागी एसएमपीएस (हलका स्विचिंग पॉवर सप्लाय) आला, आउटपुटला क्लास डी (झपाट्यानं चालू-बंद होऊन आवाजाला ताकद देणारं सर्किट) आला, म्हणून हे जमलं. क्लास डीमध्ये वीज उष्णता होऊन फारशी वाया जात नाही, त्यामुळे ॲल्युमिनियमचे ते मोठाले हीटसिंकही गेले.

मात्र जुना ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प बरंच काही मुकाट्यानं सोसायचा. व्होल्टेज उतरलं की आवाज मवाळ व्हायचा, तो तापला की वास यायचा, तेवढ्यात माणूस सावध व्हायचा. नवा ॲम्प अशी पूर्वसूचना देत नाही. चालतो तेव्हा छान चालतो, नाहीतर गाण्याच्या मध्येच गप्प होतो. आपल्या भागात या ॲम्पना जे काही होतं, त्याचं मूळ बहुधा सॉकेटमध्ये, केबलमध्ये किंवा कॅबमध्ये सापडतं. म्हणून आधी तिथं बघायचं.

सॉकेट न तपासता प्लग घालणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

ॲम्पच्या मागं काय छापलंय ते आधी वाचा. "१००–२४० व्होल्ट" असेल तर गावात संध्याकाळी व्होल्टेज १८० वर उतरलं तरी तो तक्रार करणार नाही. काही मॉडेलना मात्र ११५ आणि २३० असं बटण असतं, आणि काही नुसते १२० चेच असतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी हौसेनं आणलेला ॲम्प असेल तर हे बघितल्याशिवाय त्याला हात लावू नका. १२० चा ॲम्प आपल्या २३० वर लावला की तो तिथंच संपला.

कमी व्होल्टेजपेक्षा जास्त व्होल्टेज घातक. मांडवात जनरेटरवरून थ्री फेज येते. एका फेजवर लाइटिंग, दुसऱ्यावर साउंड, तिसऱ्यावर पंखे नि चहाचा स्टॉल. या सगळ्यांचा न्यूट्रल एकच असतो. तो कुठंतरी ढिला झाला, वायर नुसती पिळून टेप मारलेली असली, की ज्या फेजवर भार कमी त्या फेजचं व्होल्टेज २३० वरून तीनशेच्या पुढं चढतं. दोन फेजमधलं अंतर ४०० व्होल्टचं असतं, म्हणजे वाईटात वाईट वेळी तिथवर जाऊ शकतं. एसएमपीएसमधल्या कपॅसिटरना हे पेलत नाही. "आवाज फुटला, लाइट भक्कन मोठी झाली आणि ॲम्प गेला" असं कुणी सांगितलं तर समजायचं, न्यूट्रल सुटला होता. यावर उपाय आहे तो ओव्हर व्होल्टेज कट-ऑफ असलेला प्रोटेक्टर. तो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, ॲम्पच्या किमतीपुढं त्याचा खर्च काहीच नाही. फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर घेऊन फिरण्यापेक्षा हा बरा.

दुसरं म्हणजे अर्थिंग. स्टेजवर विचारलंत की उत्तर ठरलेलं असतं.

"अण्णा, बोर्डाला अर्थिंग हाय काय?"

"हाय की ओ सर, लावा बिनधास्त."

लावा, पण मीटर लावून मग लावा. मल्टीमीटर एसीच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर ठेवा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२० ते २४० दिसलं पाहिजे. फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन, फार तर तीन व्होल्ट. फेज-अर्थचा आकडा शंभराच्या आसपास हेलकावे खात असेल तर ती अर्थची पिन कशालाच जोडलेली नाही. आणि भार चालू असताना न्यूट्रल-अर्थ अगदी ठाम शून्य आला तर जास्त सावध व्हा, कारण कुणीतरी सॉकेटच्या आत अर्थ आणि न्यूट्रल एकत्र बांधून टाकलेले असू शकतात. तो न्यूट्रल मागं कुठं तुटला तर तुमच्या ॲम्पचं पत्रं, गिटारचा ब्रिज आणि तारा सगळ्यांत करंट उतरतो. मीटर धरायची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला आपल्यासमोर मोजायला लावा, त्यात कमीपणा नाही.

अर्थ नसलेल्या सॉकेटवर एसएमपीएसवाल्या ॲम्पच्या बॉडीला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात. आतल्या नॉइज फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडा करंट बॉडीवर येतो आणि तिथं साधारण निम्मं व्होल्टेज दिसतं. एवढ्यानं सहसा कुणी दगावत नाही. पण ओठ माइकला लागले, हात तारांवर आहेत आणि दोघांची वीज वेगवेगळ्या बोर्डांवरून आली आहे, अशा वेळी दोष मोठा असला तर जिवावर बेततं. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जनरेटर असतो, तिथं जमिनीत अर्थ पुरायला जागाच नाही. तिथं सगळ्या वाद्यांची, मिक्सरची आणि माइकची वीज एकाच बोर्डावरून घ्या, आणि त्या बोर्डाची अर्थ वायर जनरेटरच्या फ्रेमला घट्ट बांधून घ्यायला सांगा. म्हणजे माइक आणि गिटार यांच्यात व्होल्टेजचा फरक राहत नाही.

घुं आवाज येतो म्हणून प्लगची अर्थ पिन काढणारे अजूनही भेटतात. हे अजिबात करू नका. ॲम्पच्या डीआय आउटजवळ, म्हणजे मिक्सरला सिग्नल देणाऱ्या जॅकजवळ, ग्राउंड लिफ्टचं (त्या केबलचा ग्राउंड सोडवणारं) बटण त्याच कामासाठी दिलेलं असतं.

वॅट बघायचे आणि ओहम विसरायचे

ओहम म्हणजे कॅब विजेला करते तो अडथळा. ॲम्पवरचे ८०० वॅट बहुधा ४ ओहमला असतात. तुमची कॅब ८ ओहमची असेल तर त्यातले निम्मे किंवा थोडे जास्त मिळतील. यात फसवणूक काही नाही, आणि घाबरायचंही कारण नाही, कारण निम्मी ताकद म्हणजे फक्त ३ डेसिबल कमी. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यामुळे ५०० चा ॲम्प विकून ८०० चा घेतला तर गल्लीतल्या गणपतीपुढं फारसा फरक कळणार नाही.

फरक कळतो तो कॅबनं. तेवढ्याच वॅटला ३ डेसिबल जास्त आवाज देणारी कॅब घेतलीत तर ॲम्प दुप्पट केल्यासारखं होतं. ८ ओहमच्या एका कॅबवर तशीच दुसरी चढवलीत तर ॲम्प ४ ओहमला येऊन पूर्ण ताकद देतो, वर स्पीकरचे हवा ढकलणारे कोन दुप्पट होतात. दोन्ही मिळून खालच्या पट्टीत ६ डेसिबलपर्यंत फायदा होतो. हातात पैसे असतील तर माझं ऐका, आधी दुसरी कॅब घ्या.

जोडताना हिशेब चुकू देऊ नका. ८ ओहमच्या दोन कॅब म्हणजे ४. ४ ओहमच्या दोन म्हणजे २, आणि तिथं बरेच हलके ॲम्प प्रोटेक्शनमध्ये जातात, म्हणजे स्वतःला वाचवायला आवाज बंद करतात. एक ४ ची आणि एक ८ ची लावली तर २.६७ होतात; ॲम्पवर "किमान ४ ओहम" लिहिलं असेल तर हेही चालत नाही. आपल्याकडे कॅब बऱ्याचदा सुताराकडून करवून घेतलेली असते, मागं काही लिहिलेलं नसतं. केबल काढून मल्टीमीटरनं कॅबच्या दोन टोकांतला रेझिस्टन्स मोजा. साडेपाच ते सात आला तर ती ८ ओहमची, तीन-साडेतीन आला तर ४ ची. दोन मिनिटांचं काम आहे.

गिटारची केबल कॅबला लावणे

दोन्ही केबलना सारखाच जॅक असतो, त्यामुळे घाईत हे होतं. गिटार केबलच्या आतली तार केसासारखी बारीक असते. ५०० वॅट तिच्यातून नेले की ती तापते, वितळते, शॉर्ट होते. स्पीकरला स्पीकॉन (फिरवून लॉक होणारा स्पीकरचा प्लग) वापरा, घातल्यावर उजवीकडं फिरवून खट्ट आवाज येईपर्यंत लॉक करा. अर्धवट फिरवलेला स्पीकॉन साउंड चेकला वाजतो आणि दुसऱ्या गाण्याला सुटतो.

क्लास डीच्या बऱ्याच ॲम्पमध्ये स्पीकर आउटपुटची दोन्ही टोकं जिवंत असतात, त्यातलं एकही ग्राउंड नसतं. म्हणून स्पीकर आउटमधून वायर काढून मिक्सरला देण्याची जुनी युक्ती इथं चालत नाही. मिक्सरला द्यायला डीआय आउट आहे.

बेसचा नॉब उजवीकडं पिळत जाणे

स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, की हात पहिल्यांदा बेसच्या नॉबकडं जातो. त्या पट्ट्यात ६ डेसिबल वाढवले की तिथं चौपट ताकद लागते. लिमिटर (ताकद मर्यादेबाहेर जाऊ न देणारं सर्किट) ॲम्पचा गळा धरतो, आवाज दबतो, म्हणून आपण आणखी वाढवतो. इकडं कोन पुढं-मागं एवढा धावतो की वॅटची मर्यादा गाठायच्या आधीच तो फाटायला येतो. चार तारांच्या गिटारची खालची ई ४१ हर्ट्झला वाजते, पाच तारांची बी ३१ ला. हायपास फिल्टर (ठरावीक हर्ट्झच्या खालचा आवाज अडवणारा) असेल तर ३५-४० ला लावा. त्यानं आवाज पातळ होत नाही, कोनला मात्र श्वास मिळतो.

मांडवातलं स्टेज म्हणजे लोखंडी घोड्यांवर टाकलेल्या फळ्या, खाली पोकळी. ती ढोलासारखी घुमते, साधारण ८० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात. तिथं थोडं कमी करा आणि २५० ते ८०० च्या मधलं थोडं वाढवा. घरी एकट्यानं वाजवताना हा आवाज बोचरा वाटेल, पण ढोलकी, ऑक्टापॅड आणि ब्रास वाजत असताना सूर याच पट्ट्यातून कळतो. कॅब खुर्चीवर किंवा रिकाम्या पेटीवर कानाच्या दिशेनं थोडी तिरपी ठेवली तरी निम्मा प्रश्न सुटतो.

ऑर्केस्ट्रात आणखी एक भानगड असते. कीबोर्डवाला डाव्या हातानं तेच खालचे सूर वाजवत असतो. मग ॲम्प कितीही वॅटचा असो, चिखलच होणार. तालमीतच बसून ठरवून घ्या, "दादा, मी असलो की डावा हात वरच्या सप्तकात."

साउंडवाल्याशी स्पर्धा करणे

मैदानावर अठरा इंची सबची, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरची, रांग लागलेली असते. लोकांपर्यंत बेस नेणं तिचं काम, तुमच्या ॲम्पचं काम तुम्हाला आणि ड्रमरला ऐकवणं. स्टेजचा आवाज फार वाढवलात तर मिक्सरवरचा माणूस तुमचा चॅनेल खाली घेतो, आणि मागच्या रांगेला बेसच मिळत नाही. डीआय "प्री" वर ठेवा, म्हणजे तुम्ही स्टेजवर नॉब फिरवले तरी त्याचं बिघडत नाही. केबल लावताना-काढताना चॅनेल म्यूट करायला आणि त्या चॅनेलची फँटम पॉवर (मिक्सरकडून माइकला जाणारी वीज) बंद ठेवायला सांगा.

हे सगळं दहा मिनिटांत होतं, पण ती दहा मिनिटं मिळवावी लागतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सणासुदीला १२ पर्यंतची सूट वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. भाषणं, सत्कार लांबले की कात्री लागते ती साउंड चेकला. म्हणून लवकर पोहोचा.

हवा, पाऊस, गुलाल

हलक्या ॲम्पचा पंखा लहान असतो. मांडवाचा पडदा मागच्या जाळीला चिकटला की तो गुदमरतो. चारी बाजूंनी वीतभर जागा ठेवा. जत्रेत गुलाल आणि भंडारा उधळतात, तो पंख्यातून थेट बोर्डवर जातो आणि दमट हवेत चिकटून बसतो. उधळण सुरू होण्याआधी ॲम्प बाजूला, आडोशाला घ्या. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. थंडीच्या रात्री चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात तर गार पत्र्यावर बाष्प धरतं, अर्धा तास थांबून मग स्विच चालू करा.

ॲम्प कॅबवर ठेवताना खाली रबरी मॅट घाला, नाहीतर हादऱ्यानं तो सरकत सरकत खाली येतो. आणि आवराआवरीच्या गर्दीत तो सगळ्यात आधी पिशवीत घाला. एवढी लहान, महाग वस्तू स्टेजवरून सहज नाहीशी होते.

मध्येच गप्प झाला तर

प्रोटेक्टचा लाइट लागला असेल तर बंद करून स्पीकरची केबल काढा आणि परत चालू करा. लाइट गेला तर दोष केबलमध्ये किंवा कॅबमध्ये, राहिला तर ॲम्पच्या आत. लाइट नाही, पॉवर आहे, पण आवाज नाही, तर म्यूट बघा, ट्यूनर पेडल बघा. ॲक्टिव्ह गिटारची ९ व्होल्टची बॅटरी बघा. ती उतरली की आधी आवाज चिरकतो, मग जातो. तरीही नाही, तर इफेक्ट्स लूपच्या (बाहेरचे इफेक्ट जोडायच्या ॲम्पवरच्या दोन जॅकच्या) सेंडमधून रिटर्नमध्ये एक छोटी केबल जोडा. आवाज आला तर रिटर्नच्या जॅकचा काँटॅक्ट काळा पडलाय, कार्यक्रम तसाच पुरा करा आणि नंतर तो साफ करून घ्या.

फ्यूज उडाला असेल तर जास्त अँपिअरचा घालू नका, तार तर नाहीच नाही. या ॲम्पमध्ये फ्यूज सहसा दुसरं काही गेल्यावर उडतो. बोर्ड बारीक असतात, बऱ्याच कंपन्या पॉवरचं मॉड्यूल तयारच घेतात आणि दुरुस्तीत ते अख्खं बदलावं लागतं. शेजारच्या रेडिओवाल्याला खोलायला देण्याआधी विक्रेत्याला विचारा. म्हणून पिशवीत एक साधा डीआय बॉक्स कायम असू द्या. ॲम्प गेला की गिटार त्यात, त्यातून मिक्सरला, आणि साउंडवाल्याला सांगा, "अण्णा, माझ्या बाजूच्या मॉनिटरला बेस द्या."