आफ्रिकेतल्या तुरीची बातमी कशी वाचावी

लातुरात एका डाळ मिलसाठी मी तूर खरेदी करतो. गजरी, अरुशा, मटवारा ही तुरीची नावं आमच्या रोजच्या तोंडातली. हा माल मोझांबिक आणि टांझानियाचा. तिकडून बंदीची बातमी आली की आमची नवी पोरं परराष्ट्र मंत्रालयाचं निवेदन शोधत बसतात. ते सवडीने वाचा. आधी हुकूम कोणत्या खात्याचा, ते बघा.

एप्रिल 2025 चं उदाहरण घ्या. मलावीने मार्चमध्ये मका, तांदूळ, आलं, केळी अशा मालाची आयात रोखली होती. दक्षिण आफ्रिका तर टांझानियाची केळी कित्येक वर्षं घेत नव्हती. टांझानियाने दोघांच्याही शेतमालाला दार लावलं. जाहीर कोणी केलं? कृषिमंत्री हुसेन बाशे यांनी. भांडण देशादेशांतलं, शिक्का मात्र शेती खात्याचा, कारण पिकांची रोगराई तपासून परवाने देणारं प्राधिकरण त्यांच्याच हाताखाली. मलावीला समुद्र नाही, त्यांचा बराच माल दार-एस-सलाम बंदरातून जातो. म्हणजे बाशेंच्या हातात चांगली पाचर होती. थोड्याच दिवसांत बोलणी सुरू झाली आणि बंदी उठली. ऑक्टोबरमध्ये तिथे निवडणूक होती; शेती खातं कोणासाठी बोलत होतं, हे तेवढ्यावरून ओळखा.

तेव्हा मंत्र्याचं नाव कळलं की पुढचा प्रश्न असा: या खात्याच्या हातात नेमकं काय आहे? परवाना, बंदर की पैसा? सीमाशुल्काचं असेल तर एकट्या अर्थमंत्र्यावर विसंबू नका. टांझानिया ज्यात आहे, त्या पूर्व आफ्रिकी समुदायातले देश बाहेरच्या मालावरचे दर मिळून ठरवतात. जूनमधलं अर्थसंकल्पाचं भाषण मात्र चुकवू नका.

मोझांबिकचं वेगळं. 2016 चा भारताशी झालेला तुरीचा करार 1 लाख टनांपासून सुरू होऊन 2 लाखांपर्यंत चढत गेला. 2021 मध्ये पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवला. ऑगस्ट 2017 मध्ये भारताने तुरीवर कोटा लावला, तेव्हा या कराराचा माल त्यातून वगळला होता. म्हणून मोझांबिकच्या मालाचं ओरिजिन सर्टिफिकेट, म्हणजे माल कोणत्या देशाचा त्याचा दाखला, मी आधी मागतो, भाव नंतर.

आणि राष्ट्राध्यक्षच बोलले तर? तरी घाई नको. केनियाचे रुटो सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताच, पश्चिम सहारावर हक्क सांगणाऱ्या सहारावी प्रजासत्ताकाची मान्यता काढल्याचं ट्विटरवर लिहून बसले. ते ट्विट काढलं गेलं, आणि परराष्ट्र खात्याच्या सचिवांनी दूतावासांना कळवलं की केनियाचं धोरण ट्विटरवर ठरत नाही. खमके सचिव!

हातात छापील नोटीस येईपर्यंत सौदा अडवून धरा. नोटिशीत दोन गोष्टी शोधा: लागू होण्याची तारीख, आणि वाटेत असलेल्या जहाजांना सूट आहे का. सूट नसेल तर विक्रेत्याला त्याच दिवशी फोन लावा.