मुंबईकरांचे कागद जमवण्याआधी

गिरणी कामगारांच्या घरातले जुने कागद आणि फोटो गावात एके ठिकाणी जमवून स्कॅन करायचे, तर आधी दिवस ठरवा. बेळगाव-खानापूर भागातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेली माणसं आणि त्यांची मुलं गावात एकत्र सापडतात ती गणपतीत, नाहीतर जत्रेत. गणपतीत हवा ओली असते, म्हणून उन्हाळ्यातली जत्राच धरा. एकमेकांना चिकटलेले फोटो आले तर ओढून सोडवू नका, तसेच बाजूला ठेवा.

लोकांना सांगताना वस्तूंची नावं घ्या. "ऐतिहासिक काही असेल तर आणा" म्हटलं की आमच्याकडे कुठलं काय, असंच उत्तर येतं. गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी, युनियनची पावती, मुंबईत गावकऱ्यांनी मिळून ठेवलेल्या गावाच्या खोलीच्या वर्गणीची वही, खानावळीचा हिशेब असं एकेक सांगा. मनीऑर्डरचं कुपन तर मुद्दाम मागा. फॉर्मच्या त्या लहानशा तुकड्यावर बियाण्याचे किती, फीचे किती, कुणाला दवाखान्यात न्यायचं, हे सगळं चार ओळींत बसवलेलं असतं. मुंबईच्या कमाईवर गावातलं घर कसं चाललं, हे इतकं नेमकं दुसऱ्या कुठल्या कागदात मला दिसलेलं नाही.

तारीख नसलेल्या कागदांसाठी टेबलावर एक तक्ता लावून ठेवा. पत्त्यात गावापुढे 'मुंबई राज्य' असेल तर कागद बहुधा १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा, 'म्हैसूर राज्य' असेल तर त्यानंतरचा (त्या दिवशी हा भाग म्हैसूरला जोडला गेला), आणि 'कर्नाटक राज्य' छापलेलं असेल तर १९७३ च्या नोव्हेंबरनंतरचा. 'नवे पैसे' १९५७ पासून आले. परळचा पत्ता नुसता 'मुंबई १२' आहे की '४०००१२', तेही बघा; पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. लोक जुनी सवय सोडत नाहीत, म्हणून एकाच खुणेवर वर्ष पक्कं करू नका. मोडी वाचणारं एक माणूस आणि कन्नड वाचणारं एक माणूस दिवसभर हजर हवं. १९५६ नंतरचे कितीतरी सरकारी कागद कन्नडातच आहेत.

कागद हातात आला की तो आणणाऱ्याला शेजारी बसवून विचारा: फोटोत कोण, कुठली चाळ, गिरणीतलं कुठलं खातं. ते उत्तर तिथेच लिहून घ्या. नाव नसलेला फोटो पुढच्या पिढीला ओळखता येत नाही. फोटोमागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला. टाचण्या काढा, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन अजिबात नको. फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, जपायला टिफ आणि वाटायला जेपीईजी. मूळ कागद त्याच दिवशी मालकाच्या हातात परत द्या. आमचे कागद गेले ते गेलेच, असा अनुभव अनेक घरांना आहे, आणि त्यांचा विश्वास बसल्याशिवाय पेट्या उघडणार नाहीत.

संमतीच्या कागदावर तीन पर्याय ठेवा: फक्त घरच्यांसाठी, गावासाठी, सगळ्यांसाठी. आधार, बँक आणि जमिनीचे वादातले कागद स्कॅन करू नका.

बोलणं टिपायला शांत खोली बघा. पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाका, आणि सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोलून घ्या. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला तेव्हा पंचविशीत असलेली माणसं आज सत्तरीला टेकलीत. त्यांच्याकडे जत्रेची वाट न बघता आधीच जा. त्यांच्याइतक्याच महत्त्वाच्या गावात राहिलेल्या बायका. पेरणी, सासू-सासरे, कर्जाचे हप्ते त्यांनी ओढले, आणि त्यांची पत्रं बहुतेकदा दुसऱ्याच्या हातची असायची. म्हणून त्यांना कागद मागू नका, त्यांच्याशी बोला. घरातले पुरुष मध्ये उत्तरं देऊ लागले तर त्यांना नम्रपणे बाहेर चहाला पाठवा.

शेवटी प्रती: एक गावात, एक बेळगावात, एक गावाच्या मुंबईतल्या मंडळाकडे. दरवर्षी जत्रेआधी तिन्ही हार्डडिस्क उघडून फायली चालतात का बघायची जबाबदारी एकाच माणसाच्या नावावर लिहून ठेवा. प्रदर्शन लावाल तेव्हा चिठ्ठ्या मराठी आणि कन्नड दोन्हीत लावा, कारण आता गावातली पुष्कळ मुलं कन्नड शाळेत शिकतात.