बेंझीनच्या या चुका टाळा, ॲनिलीनच्या तर आधी टाळा

बारावीचे पेपर तपासताना दरवर्षी तेच दिसतं, बेंझीनच्या रिंगवर काय आहे ते बघायचं नाही, बाटलीत काय आहे तेही नाही, थेट ऑर्थो-पॅरा लिहून मोकळं (ऑर्थो म्हणजे आधीच्या ग्रुपच्या शेजारची जागा, मेटा एक सोडून, पॅरा समोरची).

सगळ्यात डोक्यात जाते ती ॲनिलीनच्या (म्हणजे अमिनो ग्रुप, NH2, लागलेल्या बेंझीनच्या) नायट्रेशनची, रिंगला नायट्रो ग्रुप (NO2) जोडण्याची चूक. एक हुशार पोरगा पेपर घेऊन भांडायलाच आला, "सर, अमिनो ग्रुप ॲक्टिवेटिंग आहे ना, रिंगला इलेक्ट्रॉन देतो, मग ऑर्थो-पॅरा लिहिलं तर माझा मार्क का कापला?" कुठल्यातरी रीलवरून ग्रुपची यादी तोंडपाठ. म्हटलं, बाबा, नायट्रेटिंग मिक्श्चरमध्ये काय असतं? नायट्रिक आणि सल्फ्युरिक. आणि ॲनिलीन? बेस. मग दोघं एकत्र आल्यावर? तिथे गडी गप्प. नायट्रोजनला प्रोटॉन चिकटला की ॲनिलिनियम आयन होतो, त्याची लोन पेअर (बाँडमध्ये नसलेली इलेक्ट्रॉनची जोडी) अडकते, रिंगला द्यायला काही उरत नाही, उलट तोच रिंगचे इलेक्ट्रॉन ओढायला लागतो, आणि असा ओढणारा ग्रुप मेटाला पाठवतो, म्हणून मेटा सुमारे 47 टक्के येतो, पॅरा 51 आणि ऑर्थो जेमतेम 2, वर ऑक्सिडेशन होऊन डांबर होतं ते वेगळंच. पॅराच हवा असेल तर आधी अमिनोवर ॲसिटाइलचं झाकण घालून ॲसिटॅनिलाइड करा, मग नायट्रेशन, मग हायड्रोलिसिस करून झाकण काढा. तीन स्टेपचा कंटाळा येतो ना, मग मार्कही तसेच येणार. मी तर अजूनही आधी पेन्सिलीने लोन पेअर काढतो आणि ॲसिड तिचं काय करेल ते बघतो, मगच बाण. फ्रीडेल-क्राफ्ट्समध्येही (ॲल्युमिनियम क्लोराइड वापरून रिंगला कार्बनचा ग्रुप जोडतात तिथे) ॲनिलीनची हीच गत, ॲल्युमिनियम क्लोराइड त्याच लोन पेअरला जाऊन बसतो.

नावांमध्ये घाईवाले ए-बी-सी-डी बघून नंबर टाकतात. 1-इथाइल-4-फ्लोरो-3-नायट्रोबेंझीन चूक, 4-इथाइल-1-फ्लोरो-2-नायट्रोबेंझीन बरोबर, कारण 1,2,4 हा सेट 1,3,4 पेक्षा लहान. नंबर आधी ठरवा, अल्फाबेट लिहायच्या क्रमाला, नंबरात बरोबरी झाली तरच नंबराला. फिनॉल किंवा ॲनिलीन पॅरेंट असेल तर एक नंबर तिथेच, वाद नको.

क्लोरीन, ब्रोमीन रिंगला सुस्त करतात तरी ऑर्थो-पॅराच पाठवतात, हे पाठच करा.

मेटा-ब्रोमोनायट्रोबेंझीन हवंय? आधी नायट्रेशन, मग ब्रोमीन. उलट केलंत तर मेटा विसरा.

1-क्लोरोप्रोपेन घेऊन फ्रीडेल-क्राफ्ट्स केलं की सरळ साखळी लिहू नका, कार्बोकॅटायन (प्लस चार्जचा कार्बन) रिअरेंज होतो, मुख्यतः क्युमीन, म्हणजे आयसोप्रोपाइलबेंझीन मिळतं.

आणि टोल्युइन (मिथाइल लागलेलं बेंझीन)-ब्रोमीनमध्ये बाणावर काय लिहिलंय ते वाचा हो, आयर्न ब्रोमाइड असेल तर रिंगवर, उजेड असेल तर मिथाइलवर.