तीन पत्तीवाल्यांनो, पोकर शिकताना या चुका टाळा

पोळ्याला बैलांची पूजा झाली, पुरणपोळी झाली, की आमच्या यवतमाळकडच्या गावात पत्त्यांचा कॅट निघतो. तीन पत्ती इथल्या पोरांना शिकवावी लागत नाही. पोकर शिकताना नेमकी तीच आडवी येते.

भाच्याने तीन सत्त्या दाखवल्या आणि चिंचोके ओढायला हात घातला. "ट्रेल हाय न मामा!" समोरच्याचे पाच बदाम जमले होते, डाव त्याचा झाला. पोकरमध्ये तीन सारख्या पानांवर सिक्वेन्स (ओळीने लागलेली पानं), सिक्वेन्सवर कलर (सगळी एकाच चिन्हाची, जसे पाच बदाम). "आपल्यात तं सिक्वेन्स वर असते, इथं उलटं काहून?" भाच्याचा प्रश्न रास्त होता, उत्तर मोजणीत आहे. तीन पानांत साधी सिक्वेन्स ७२० प्रकारे लागते, कलर १,०९६ प्रकारे. पाच पानांत कलर ५,१०८ प्रकारे, सिक्वेन्स १०,२०० प्रकारे आणि तीन सारखी तब्बल ५४,९१२ प्रकारे. जे कमी वेळा लागतं ते वर. कलरच्याही वर फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी), मग चार सारखी, आणि सगळ्यांत वर कलरमधलीच सिक्वेन्स.

ब्लाइंड या शब्दानेही घोटाळा होतो. इथे ब्लाइंड म्हणजे पान न पाहता चाल नव्हे. पत्ते वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी आधीच टाकायची ती सक्तीची रक्कम. पानं तेही पाहतात.

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात हातात दोन पानं, मध्ये पाच उघडी. सातांतली सर्वोत्तम पाच धरायची, हातातली दोन्ही वापरलीच पाहिजेत असं नाही. मधली जोडी मात्र सगळ्यांचीच असते, तिच्या भरवशावर चाल वाढवू नका.

चिंचोकेच वापरा, हे मी कळकळीने सांगतो. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला, आणि पारावरचा पैशाचा डावही महाराष्ट्रात १८८७ च्या जुगारबंदी कायद्याखाली येतो.

सगळ्यात महाग चूक म्हणजे पॅक करायला लाजणं. चार बदाम जमले, एकच पान उघडायचं राहिलं, तर न दिसलेल्या ४६ पानांत बदाम उरतात ९. म्हणजे पाचांत जेमतेम एकदा. दहा चिंचोके टाकून डावात राहायचं असेल, तर समोरच्याची चाल धरून मध्ये ४१-४२ तरी हवेत. वीसच असतील तर पानं खाली ठेवा आणि पुढचा डाव वाटू द्या.