ट्रेलरच्या पातळ भिंतीत हुक, शेल्फ पक्कं बसवायचंय? आधी हे वाचा

इकडे अमेरिकेत सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचं फिरतं घर) घेतलेल्यांसाठी सांगतोय. आतली भिंत म्हणजे बहुतेक वेळा जेमतेम ३ मिमीचं प्लायवूड, त्यावर वॉलपेपरसारखा थर, त्यामुळे घरच्या ड्रायवॉलचे (जिप्सम बोर्डच्या भिंतीचे) प्लास्टिक अँकर, म्हणजे भोकात बसवून स्क्रू धरून ठेवणारे तुकडे, इथे अजिबात वापरू नका, ते अर्ध्या इंचाच्या भिंतीसाठी असतात आणि गाडी हायवेला लागली की हादऱ्याने भोक मोठं होत होत सगळं बाहेर येतं. माझं टॉवेल रॉड असंच पहिल्याच ट्रिपमध्ये खाली आलं, भिंतीला अंगठ्याएवढं भोक!

आधी आतली लाकडी पट्टी शोधा. एक छोटं पॉवरफुल मॅग्नेट भिंतीवरून हळूहळू फिरवा, जिथे प्लायवूड पट्टीला ठोकलेल्या पिना आहेत तिथे ते टक्कन चिकटतं, तीच पट्टी. पट्टी मिळाली नाही तर १२ मिमी प्लायवूडचा मोठा तुकडा कन्स्ट्रक्शन अ‍ॅडहेसिव्हने भिंतीला चिकटवा, दाबून ठेवून एक दिवस सुकू द्या, मग शेल्फ त्या तुकड्यात स्क्रू करा, वजन पसरतं आणि भिंत फाटत नाही. मी आता सगळीकडे हेच करतो.

हलक्या वस्तूंना व्हीएचबी टेप (खूप मजबूत दुहेरी चिकटपट्टी) पुरते, पण जागा आधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि ७२ तास काही लटकवू नका.

आणि प्लीज, ड्रिल करताना बिटवर टेप गुंडाळून भोकाची खोली ठरवा, बाहेरची अख्खी भिंतच दीड-दोन इंचांची असते, मध्ये वायरीही असतात.