सकाळी लाव्हा, दुपारी गरम पाण्याचं कुंड : मुंबईहून एका दिवसात ग्रुप कसा न्यायचा

आमच्या सोसायटीतल्या पोरांना घेऊन ही ट्रिप मी तीनदा केलीये, आता दरवेळी कोणीतरी विचारतं की कसं जायचं काय बघायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. रूट साधा आहे. सकाळी अंधेरीची गिल्बर्ट हिल, म्हणजे गोठलेल्या लाव्ह्याचा डोंगर, मग घोडबंदरवरून गरम पाण्याच्या कुंडांसाठी अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरी आणि संध्याकाळी घरी.

सगळ्यात आधी एक काम करा, गाडीत बसायच्या आधीच सगळ्यांना सांगून टाका की आपण ज्वालामुखी बघायला चाललेलो नाही. नाहीतर पोरं दिवसभर "धूर कुठेय" विचारतात आणि मोठी माणसं तर त्याहून वाईट, वज्रेश्वरीला गेलं की कोणीतरी समोरच्या डोंगराकडे बोट दाखवून हमखास सांगतं की तो झोपलेला ज्वालामुखी आहे आणि त्याच्यामुळेच पाणी गरम होतं. तसं काही नाहीये. आपल्याकडचा लाव्हा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनासोर गेले त्या सुमाराचा, आणि तो बराचसा शंकूसारख्या डोंगरातून नाही तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून आला, थरावर थर पसरत गेला. सह्याद्रीत हे थर काही ठिकाणी दोन हजार मीटरच्या वर जाडीचे आहेत. तो लाव्हा केव्हाच थंड झालाय. आपण सकाळी त्याचा गोठलेला दगड बघणार आणि दुपारी त्याच दगडाच्या भेगांतून वर येणाऱ्या पाण्यात पाय सोडून बसणार, एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकीची ट्रिप आपोआप जुळते.

ट्रिपच्या आठवडाभर आधी घरी एक प्रयोग लावून ठेवा, याच्यासारखा दुसरा नाही. काचेच्या ग्लासात कॉर्नफ्लोअर आणि पाणी समप्रमाणात कालवायचं आणि ग्लास टेबल लॅम्पखाली ठेवून द्यायचा. काही दिवसांनी पूर्ण सुकलं की हळूच फोडायचं, आत पेन्सिलीसारखे उभे कोनदार खांब झालेले असतात. हा तुकडा डब्यात घालून सोबत घ्या, पण कापसात गुंडाळून, आमचा पहिला प्रवासातच पीठ झाला होता.

गिल्बर्ट हिलला सकाळी सातला पोचा. अंधेरी वेस्टला उतरून रिक्षावाल्याला नुसतं गिल्बर्ट हिल सांगितलं तरी चालतं. लोक थेट पायऱ्या चढून वर जातात, देवीचं दर्शन घेतात, सेल्फी काढतात आणि म्हणतात "यात काय बघायचं?" अहो, वर उभं राहून खांब दिसणारच नाहीत, तुम्ही त्यांच्या डोक्यावर उभे आहात! आधी खालच्या गल्लीतून बघा. सुमारे 200 फूट उंचीचे काळे उभे दगडी खांब, एकाला एक चिकटलेले, आणि त्यांच्या पायथ्याशी बिल्डिंगा, झोपड्या, वाळत घातलेले कपडे. इथे तो कॉर्नफ्लोअरचा डबा उघडायचा. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसला की तडे जातात, आणि वरची थंडी आत आत सरकत जाते तसे तडेही तिच्या मागे जातात म्हणून असे लांब खांब होतात. ग्लासात पाणी उडून गेल्यामुळे पीठ आकसलं, इथे उष्णता गेल्यामुळे दगड आकसला, नक्षी तीच. पोरांना मी दुसरं काहीच सांगत नाही, नुसतं दोन्ही शेजारी बघायला लावते.

आजूबाजूला दगडाच्या खाणी होत्या, त्यात हा डोंगर बराच खाल्ला गेला. 2007 मध्ये पालिकेने त्याला वारसा यादीत घातलं. खालच्या गल्ल्यांमध्ये लोकांची घरं आहेत, त्यांच्या दारात उभं राहून मोठमोठ्याने लेक्चर देऊ नका, आणि दगडाचे तुकडे उचलायचे नाहीत. मग पायऱ्या चढा, उभ्या आहेत, गुडघेदुखीवाल्यांना खालीच चहा पाजा. वर अर्धा तास पुरे. मुंबईच्या लाव्ह्याबद्दल एक गोष्ट पोरांना फार आवडते, दोन थरांच्या मधे जो काळ गेला त्यात इथे तळी साचली होती आणि वरळीला अशा मधल्या थरात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडलेत. त्यानंतर गाडीत दीड तास बेडूक हाच विषय असतो.

साडेआठला निघा म्हणजे निघाच. घोडबंदर, वसईच्या खाडीवरचा वर्सोवा पूल, मग अहमदाबाद हायवेने शिरसाड फाटा आणि तिथून उजवीकडे आत. घोडबंदरला ट्रॅफिक लागला की कुठलंही टाइमटेबल कामाचं नाही, म्हणून पोळीभाजी गाडीतच ठेवा, पण कुंडाच्या आधी पोटभर खाऊ देऊ नका, गरम पाण्यात मळमळतं. शिरसाडनंतरचा रस्ता छान आहे, एका बाजूला तुंगारेश्वरचे डोंगर दिसत राहतात.

आधी अकलोली, तानसा नदीच्या काठावर. इथली कुंडं बांधून काढलेली आहेत आणि प्रत्येकाचं पाणी वेगवेगळं गरम असतं, काहींत तर पाय टाकून लगेच बाहेर काढावा लागतो. स्वयंपाकघरातलं थर्मामीटर असेल तर आणा, दोरी बांधून कुंडात सोडायचं आणि आकडे वहीत लिहायचे, पोरं अर्धा तास हलत नाहीत. मग त्यांना कारण सांगा. जमिनीत जितकं खाली जाल तितकं तापमान वाढतं, एका किलोमीटरला साधारण 25-30 अंश. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. मग सगळीकडे का नाही? कारण भेगा सगळीकडे एवढ्या खोल नाहीत. कोकणपट्टीत लाव्ह्याचे थर समुद्राकडे वाकलेत, भूगर्भवाले त्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात, आणि त्या पट्ट्यात दगड चांगलाच तडकलाय. पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूर, ही सगळी गरम पाण्याची ठिकाणं याच किनारपट्टीवर आहेत. आणि हो, वज्रेश्वरी देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त म्हणजे ही कुंडं, ही गोष्टही सांगा की, माझी आजी तीच सांगायची.

पाण्यात उतरायचं तर आधी हात, मग पाय, आणि दहा मिनिटांत बाहेर. बीपी, हार्टवाले आणि प्रेग्नंट बायकांनी नुसतं काठावर बसावं. डोकं बुडवायचं नाही, नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही. साबण शाम्पू अजिबात नाही. पैंजण, चांदीच्या अंगठ्या घरीच ठेवा, माझ्या मावसबहिणीचे पैंजण काळे पडले आणि ती अजून मलाच बोलते. कपडे बदलायला नीट आडोसा सगळीकडे नाही म्हणून बायकांनी ढगळा कुर्ता, गाऊन आणावा, किंवा सरळ आसपासच्या रिसॉर्टमध्ये बंद न्हाणीघर घ्यावं, तिथे कुंडाचंच पाणी असतं. पावसाळ्यात मात्र नको, तानसाला पूर आला की काठ धोक्याचा. डिसेंबर-जानेवारीत मधला वार बघून जा, मी पहिल्यांदा रविवारी गेले आणि कुंडात पाण्यापेक्षा माणसंच जास्त होती.

नदीकाठी वाळू मिळाली तर जुनं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळूतून फिरवा. बारीक काळे कण चिकटतात, ते काळ्या दगडातलं लोहखनिज, म्हणजे सकाळी बघितलेल्या दगडाचाच भाऊ. पिशवी उलटी केली की कण सुटतात, नाहीतर चुंबक पुसत बसाल.

जेवून गणेशपुरी, नित्यानंद बाबांची समाधी आणि भीमेश्वराच्या देवळाजवळची कुंडं. तिथे शांतता ठेवा, लोक श्रद्धेने येतात, आपला थर्मामीटर तिथे बाहेर काढू नका. वज्रेश्वरी शेवटी ठेवा. चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेत नवस बोलला आणि 1739 ला किल्ला घेतल्यावर हे देऊळ बांधलं गेलं, म्हणून तटबंदी आणि नगारखाना असलेलं, किल्ल्यासारखंच दिसतं. पायऱ्या बावन्न, पोरांना मोजायला लावा, प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो.

चारला गाडीत बसा. ओले कपडे वेगळ्या पिशवीत, आणि निघताना डोकी मोजा, गरम पाण्याने सगळे इतके सुस्तावतात की मागच्या वेळी आमच्यातला एकजण देवळाच्या कट्ट्यावर झोपून गेला होता आणि शिरसाडपर्यंत कोणाच्या लक्षातच आलं नाही.