हवानात पत्ता शोधताना

क्युबाच्या राजधानीत, हवानात, पत्ता विचारायचा तर घरक्रमांकापेक्षा आडव्या रस्त्यांची नावं लक्षात ठेवा. तिथल्या पत्त्यात रस्त्याच्या नावानंतर 'एंत्रे', म्हणजे 'मध्ये', असं लिहून दोन आडव्या रस्त्यांची नावं येतात. घर त्या दोन चौकांच्या दरम्यान. 'एस्किना' असेल तर घर कोपऱ्यावर. टॅक्सीवाल्यालाही असंच सांगा, तो नेमका पोहोचवतो.

वेदादो या भागात तर हे फारच सोपं होतं. समुद्राला समांतर रस्त्यांना विषम आकडे आहेत. त्यांना छेदणाऱ्यांना पासेओ या मोठ्या रस्त्याच्या पूर्वेला ए, बी, सी अशी अक्षरं, पश्चिमेला 2, 4, 6 असे सम आकडे. '23 आणि एल' म्हटलं की कोपेलिया या आइस्क्रीमच्या दुकानाचा कोपरा, अख्ख्या शहराला ठाऊक! आणि पाट्या वर बघत बसू नका. वेदादोच्या कोपऱ्यांवर गुडघ्याएवढे ठेंगणे दगड असतात, रस्त्याचं नाव त्यावरच कोरलेलं.

खरी गफलत सेंत्रो हवाना या भागात होते, कारण तिथे एकाच रस्त्याला दोन नावं. नकाशावर 'आवेनिदा दे इतालिया', लोकांच्या तोंडी गालियानो. 'सिमोन बोलिवार' म्हणजे रेना, 'साल्वादोर आयेंदे' म्हणजे कार्लोस तेर्सेरो. विचारताना जुनंच नाव घ्या. दोन्ही नावं कागदावर शेजारीशेजारी लिहून खिशात ठेवा आणि नकाशा निघण्याआधीच फोनवर उतरवून घ्या, रस्त्यात इंटरनेटचा भरवसा धरू नका.